व्हिल्निअसमध्ये चार दिवस, कमी खर्चात : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया हे तीन छोटे देश एकाखाली एक आहेत. नकाशा पाहिला की टॅलिन, रिगा आणि व्हिल्निअस या तिन्ही राजधान्या एकाच फेरीत उरकून घ्याव्यात असा मोह पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांना होतो. हाताशी दहा-बारा दिवस असतील तर तसे जरूर करावे. परंतु चार दिवसांची रजा आणि मोजके पैसे असतील, तर एकच शहर निवडावे आणि ते पायी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिल्निअसहून रिगाला बसने जायचे तर सुमारे चार तास लागतात, रिगाहून टॅलिनला पुन्हा तेवढाच वेळ जातो, आणि या धावपळीत बसभाडे, सामान ठेवण्याचे पैसे आणि दर रात्री नवे हॉटेल यांवर जो खर्च होतो त्यात एका शहरातला मुक्काम दोन दिवसांनी वाढवता येतो.

तिघांपैकी मी व्हिल्निअसची शिफारस करतो, त्याची कारणे व्यवहाराची आहेत. विमानतळ शहरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, जुने शहर रेल्वे स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर सुरू होते, आणि पाहण्यासारख्या बहुतांश जागांना तिकीट नाही. आणखी एक कारण मराठी माणसाला तिथे गेल्यावर कळते. लिथुआनियन भाषेचे संस्कृतशी जवळचे नाते आहे, त्यामुळे बाजारात उभे राहिले की अधूनमधून ओळखीचा शब्द कानावर पडतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कागदपत्रे

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक क्षेत्रासाठी चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवलेले बरे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे, आणि अर्ज केंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे द्यावे लागते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा, दहा वर्षांच्या आत काढलेला असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम सोपा आहे : ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच्याकडे, आणि दिवस समान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. फक्त व्हिल्निअसला जाणार असाल तर विमान वॉर्सात किंवा फ्रँकफर्टमध्ये बदलत असले तरी अर्ज लिथुआनियाकडेच करावा. लिथुआनियाचा दूतावास नवी दिल्लीत आहे आणि अर्ज केंद्रांची ताजी माहिती त्याच्या संकेतस्थळावर मिळते.

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड, ब्रिटन अशा देशांत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांनी एक फरक लक्षात ठेवावा. जर्मनी किंवा नेदरलँड्सचा निवासपरवाना असेल तर लिथुआनियासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, आणि १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते. आयर्लंड आणि ब्रिटन शेंगेनमध्ये नाहीत, त्यामुळे तिथून येणाऱ्या भारतीय नागरिकाला व्हिसा काढावाच लागतो.

केव्हा जावे

मे ते सप्टेंबर हा उत्तम काळ आहे. जूनमध्ये सूर्य पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या आसपास मावळतो, म्हणजे चार दिवसांच्या सहलीत सहा दिवसांचा उजेड पदरात पडतो. याउलट डिसेंबरच्या अखेरीस सकाळी पावणेनऊपर्यंत अंधार असतो आणि दुपारी चारच्या आत पुन्हा अंधारून येते. हिवाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात हे खरे, पण उबदार कपडे आणि बर्फावर न घसरणारे बूट विकत घ्यावे लागले तर ती बचत उरत नाही. मला स्वतःला सप्टेंबरचा उत्तरार्ध सर्वांत आवडतो : गर्दी ओसरलेली असते, झाडे पिवळी होऊ लागलेली असतात आणि बाजारात सफरचंदे, रानातल्या अळंब्या आणि मध यांची रेलचेल असते. मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी संत कॅसिमिरच्या नावाने मोठी जत्रा भरते. ती पाहण्याजोगी आहे, पण त्या दिवसांत खोली खूप आधी घेऊन ठेवावी लागते.

तिथवर पोहोचणे

भारतातून व्हिल्निअसला थेट विमान नाही, म्हणून वॉर्सा, हेलसिंकी, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्ट यांपैकी कुठेतरी विमान बदलावे लागते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर पासपोर्टवरील शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे आणि ही नोंद शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होते. त्यामुळे दोन विमानांमध्ये तीन तासांचे तरी अंतर ठेवावे. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत बेलारूसकडून सिगारेटची चोरटी वाहतूक करणारे फुगे हवेत आल्याने व्हिल्निअसचा विमानतळ काही वेळा तात्पुरता बंद ठेवावा लागला होता, कारण सीमा शहरापासून जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. घाबरण्याचे कारण नाही, परंतु परतीचे पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये पुरेसा वेळ असावा.

युरोपातल्या युरोपात स्वस्त विमानांनी येणाऱ्यांना एक सूचना कळकळीने द्यावीशी वाटते. एका प्रवासात माझ्यासोबतच्या मित्राला ऐन विमानाच्या दारात थांबवण्यात आले, कारण युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांनी विमानतळावरील खिडकीशी जाऊन कागदपत्रांची तपासणी करून घ्यायची असते हे आम्हाला माहीत नव्हते. तो धावत मागे गेला, शिक्का घेऊन आला, आणि दार बंद होण्याच्या दोन मिनिटे आधी आत शिरला. काही कंपन्यांत ही तपासणी बंधनकारक असते आणि फोनवर तिकीट आले म्हणून ती टळत नाही. तिकिटावरची बारीक अक्षरे आधी वाचावीत आणि पिशवीची लांबी-रुंदी घरीच मोजून घ्यावी. दारात मोठी ठरलेली पिशवी कधीकधी तिकिटापेक्षा महाग पडते.

विमानतळावरून शहरात येण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग रेल्वेचा किंवा सार्वजनिक बसचा आहे. रेल्वे आठेक मिनिटांत मुख्य स्थानकात पोहोचते. फेऱ्या मात्र सलग नाहीत, म्हणून वेळापत्रक आधी पाहावे, आणि गाडीला वेळ असेल तर बस धरावी. बसचे तिकीट फोनवरील ॲपमधून घेता येते. रात्री उशिरा उतरणाऱ्यांनी ॲपवरून टॅक्सी मागवावी. अंतर कमी असल्यामुळे भाडे आवाक्यात राहते. दाराशी उभे राहून विचारणाऱ्या टॅक्सीवाल्यांकडे जाऊ नये.

मुक्काम

रेल्वे स्थानक, जुने शहर आणि गेदिमिनास मार्ग या त्रिकोणात कुठेही राहिले तरी चार दिवसांत बसची गरज फारशी पडत नाही. ही एकच गोष्ट सांभाळली तरी बरेच पैसे वाचतात. शहराबाहेरची खोली रात्रीला पाच युरोंनी स्वस्त दिसते, पण त्यात जाण्यायेण्याचे भाडे आणि वेळ मिळवून पाहावा. एकट्याने जाणाऱ्यांना होस्टेलमधील पलंग पुरतो. दोघे-तिघे असतील तर स्वयंपाकघर असलेली छोटी सदनिका घ्यावी, कारण सकाळचा चहा, पोहे किंवा उपमा खोलीवरच झाला की दिवसाचा खर्च लगेच उतरतो. शहराचा छोटा पर्यटन कर खोलीच्या भाड्यात धरला आहे की वेगळा द्यायचा आहे, हे नोंदणी करताना विचारून घ्यावे.

चलन २०१५ पासून युरो आहे आणि जवळपास सर्वत्र कार्ड चालते. यंत्रावर “रुपयांत की युरोंत” असा प्रश्न आला तर नेहमी युरो निवडावेत, रुपये निवडल्यास दर वाईट मिळतो. बाजारातल्या म्हाताऱ्या विक्रेत्यांसाठी आणि स्वच्छतागृहांसाठी वीस-तीस युरोंची सुटी नाणी आणि नोटा जवळ असाव्यात. नळाचे पाणी जमिनीखालच्या झऱ्यांतून येते आणि निर्धास्तपणे पिता येते, तेव्हा घरची बाटली सोबत घ्यावी. विकतच्या बाटलीवर १० सेंट अनामत असते. बाटली रिकामी झाल्यावर किराणा दुकानाच्या दाराशी असलेल्या यंत्रात टाकली की त्या रकमेची पावती मिळते आणि ती बिलात वळती करता येते. विजेचे सॉकेट दोन गोल पिनांचे असते, भारतातला तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही. विमानभाडे आणि व्हिसा सोडून तीन रात्री आणि चार दिवसांचा माझा खर्च दोनशे युरोंच्या आत बसला होता, आणि त्यात कोणत्याही दिवशी उपाशी राहावे लागले नाही.

पहिला दिवस : दक्षिणेच्या दारापासून उत्तरेच्या चौकापर्यंत

सामान खोलीत टाकून सरळ औश्रोस वर्ताय या वेशीपाशी जावे. या नावाचा अर्थ पहाटेची वेस असा होतो. जुन्या तटबंदीला ज्या वेशी होत्या त्यांपैकी एवढी एकच शिल्लक आहे. वेशीच्या माथ्यावर मेरीमातेचे देऊळघर आहे आणि तिचे चित्र खिडकीतून खालच्या रस्त्यावरूनही दिसते. कामावर जाणारी माणसे खालून जाताना क्षणभर थांबतात, टोपी काढतात, वर पाहून क्रूसाची खूण करतात आणि चालू लागतात. बाजूच्या जिन्याने वर जाता येते. तिथे भिंतीभर चांदीची छोटी हृदये, हात, पाय, डोळे लावलेले दिसतात. नवस फेडायला आलेल्यांनी वाहिलेल्या या वस्तू आहेत. आपल्याकडे नवसाला चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहणाऱ्यांना त्या भिंतीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. गुडघे टेकून बसलेल्यांच्या मधून छायाचित्रे घेत फिरू नये.

तिथून उतरत जाणारा रस्ता नगरसभागृहाच्या चौकातून पिलिएस रस्त्यावर येतो आणि कॅथेड्रलच्या मोकळ्या चौकात संपतो. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्याला अर्धा दिवस द्यावा, कारण खरी मौज उजव्या-डाव्या बोळांत आहे. संपूर्ण जुने शहर १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पिलिएस रस्त्याच्या डाव्या हाताला १५७९ साली स्थापन झालेले व्हिल्निअस विद्यापीठ आहे, आणि उजव्या हाताला थोडे आत गेले की संत ॲनचे लाल विटांचे चर्च लागते. या चर्चसाठी तेहतीस वेगवेगळ्या आकारांच्या विटा वापरल्या आहेत. आधी दूर उभे राहून सगळा दर्शनी भाग पाहावा आणि मग अगदी जवळ जाऊन एकच कमान निरखावी : एक वीट टोकदार, दुसरी पोटाशी गोलावलेली, तिसरी दोरीसारखी पिळाची, आणि त्या एकमेकींत अशा बसवलेल्या आहेत की दगडात कोरल्यासारखी नक्षी नुसत्या भाजलेल्या मातीतून उभी राहिली आहे. १८१२ साली नेपोलियन इथून गेला तेव्हा हे चर्च तळहातावर उचलून पॅरिसला न्यावेसे त्याला वाटले, अशी आख्यायिका तिथे सगळे सांगतात.

चर्चच्या मागे विल्नेले ही छोटी नदी आहे आणि पूल ओलांडला की उझूपिस लागते. सोव्हिएत काळात पडझड झालेल्या या वस्तीत कलावंत येऊन राहिले आणि १ एप्रिल १९९७ रोजी त्यांनी ती स्वतंत्र प्रजासत्ताक असल्याचे जाहीर केले. पाउपिओ रस्त्यावरच्या भिंतीवर या प्रजासत्ताकाची राज्यघटना आरशासारख्या चकचकीत पत्र्यांवर अनेक भाषांत कोरून लावली आहे, आणि त्यांत संस्कृत आणि हिंदीही आहे. मांजराने मालकावर प्रेम केलेच पाहिजे असे नाही, पण अडचणीच्या वेळी त्याने मदत करावी, अशा आशयाचे एक कलम त्यात आहे. वाचताना हसू येते, आणि थोड्या वेळाने लक्षात येते की पन्नास वर्षे परक्या हुकमतीत राहिलेली माणसे जेव्हा स्वतःचे कायदे करायला बसतात तेव्हा ती आनंदी असण्याचा, दुःखी असण्याचा, चुकण्याचा हक्कही लिहून ठेवतात.

दिवसाचा शेवट कॅथेड्रलच्या चौकात करावा. तिथला घंटामनोरा चर्चपासून सुटा, एकटा उभा आहे. मनोरा आणि चर्च यांच्यामध्ये फरशीत एक रंगीत चौकोन बसवला असून त्यावर “स्तेबुक्लास”, म्हणजे चमत्कार, हा शब्द आहे. २३ ऑगस्ट १९८९ रोजी तिन्ही देशांतली सुमारे वीस लाख माणसे हातात हात घालून सहाशे किलोमीटरहून लांब साखळी करून उभी राहिली होती, आणि तिचे व्हिल्निअसकडचे टोक हे होते असे मानतात. त्या दिवशी हिटलर आणि स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी केलेल्या गुप्त वाटणीच्या कराराला पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १९९० रोजी, लिथुआनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले. लोक त्या फरशीवर उभे राहून मनात इच्छा धरतात आणि स्वतःभोवती गिरकी घेतात. फरशी शोधायला कोणाला विचारू नये, हळूहळू चालत आपणच शोधावी.

खाणे, आणि बाजारात ऐकू येणारे संस्कृत

रोजच्या खर्चाची किल्ली “दिएनोस पिएतूस” या दोन शब्दांत आहे. त्यांचा अर्थ दिवसाचे जेवण. “दिएना” म्हणजे दिवस, म्हणजे आपला दिन. सोमवार ते शुक्रवार दुपारी कचेरीतल्या लोकांसाठी उपाहारगृहे सूप आणि एक मुख्य पदार्थ असे ठरावीक जेवण बरेच कमी दरात देतात. हेच दिवसाचे मुख्य जेवण करावे आणि संध्याकाळी किराणा दुकानातली राय या गव्हासारख्या धान्याची काळी पोळपाटाएवढी भाकर, चीज, काकड्या आणि दही यांवर भागवावे. ही भाकर आंबूस, जड आणि पोटाला आधार देणारी असते. तिला “दुओना” म्हणतात आणि भाषापंडित या शब्दाचे नाते संस्कृत “धाना”शी, म्हणजे आपल्या धान-धान्याशी लावतात.

उन्हाळ्यात शाल्तीबार्श्चेय हे थंड सूप अवश्य खावे. त्याचा गुलाबी रंग पाहून पहिल्यांदा कोणीही बिचकते. ताकासारखे केफिर, किसलेले बीट, काकडी आणि भरपूर शेपू एवढेच त्यात असते, वर अंड्याच्या फोडी घालतात आणि शेजारच्या बशीत गरम उकडलेले बटाटे देतात. बिटाची कोशिंबीर ताक घालून सैल केली तर जी चव लागेल तिच्या हे फार जवळ आहे. अंडे न खाणाऱ्यांनी ते घालू नका असे आधी सांगावे. त्सेपेलिनाय हे बटाट्याचे मोठे, लांबट उंडे असतात. त्यांच्या पोटात बहुधा मांस असते, पण “वार्श्के” म्हणजे चक्क्यासारख्या ताज्या चीजचे सारण घातलेलेही मिळतात. शाकाहारी माणसाने इथे सावध राहावे, कारण चीजचे सारण असले तरी वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकण्याची रीत आहे आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. “बे मेसोस” म्हणजे मांसाशिवाय, आणि “बे स्पिर्गुच्यू” म्हणजे ते तळलेले तुकडे नकोत. हे दोन शब्दप्रयोग पाठ असले की अडचण येत नाही. “मेसा” आणि आपले मांस यांचे साम्य ऐकताक्षणी कळते.

रेल्वे स्थानकापासून जुन्या शहराकडे येताना हालेस हा १९०६ सालचा लोखंडी छताचा बाजार लागतो. तिथे मी एका आजीबाईंच्या टेबलापाशी मधाच्या बरण्या पाहत उभा होतो. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि मला त्यांची भाषा. त्यांनी बरणीवर बोट ठेवून “मेदुस” म्हटले. मी “मधु” म्हटले. त्यांनी मान डोलावली, पुन्हा सावकाश “मे-दुस” म्हटले आणि किंमत सांगायला बोटे उघडली : दू, त्रीस, केतुरी, पेन्की. मीही बोटांवर दोन, तीन, चार, पाच म्हणत गेलो. सेप्तिनी, अश्तुओनी, देवीनी, देशिम्त हे सात, आठ, नऊ, दहाही तुम्हाला असेच ओळखू येतील. आग म्हणजे “उग्निस”, धूर म्हणजे “दूमाय”, रात्र “नाक्तिस”, मुलगा “सूनुस”, देव “दिएवस”. त्यांच्याकडे एक म्हण आहे : “दिएवस दावे दांतिस, दिएवस दुओस इर दुओनोस”, म्हणजे देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. ज्याने चोच दिली तो चाराही देतो, असे म्हणत वाढलेल्या माणसाला साडेपाच हजार किलोमीटरवर हे वाक्य ऐकून आपल्या घरात आल्यासारखे वाटते. जाण्याआधी अभ्यास एवढाच करावा : एक ते दहा आकडे, “लाबा दिएना” हा दिवसाचा नमस्कार आणि “आच्यू” हा धन्यवादाचा शब्द. तेवढ्यावरही समोरच्याचा चेहरा खुलतो.

दुकानांत मद्यविक्रीला वेळेचे बंधन आहे : सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते रात्री आठ आणि रविवारी दुपारी तीनपर्यंतच. शिवाय वीस वर्षांखालील व्यक्तीला ते विकत मिळत नाही.

दुसरा दिवस : टेकडी आणि तळघर

सकाळी गेदिमिनासच्या टेकडीवर चढावे. राजा गेदिमिनास शिकारीनंतर या परिसरात झोपला असता टेकडीवर एक लोखंडी लांडगा शेकडो लांडग्यांच्या आवाजात ओरडतो आहे असे स्वप्न त्याला पडले, आणि इथे मोठी नगरी वसव असा त्याचा अर्थ पुरोहिताने सांगितला, अशी शहराची जन्मकथा आहे. लिखित इतिहासात शहराचा उल्लेख १३२३ सालच्या त्याच्या पत्रांत येतो. टेकडीवर जायला पैसे पडत नाहीत, तिकीट फक्त मनोऱ्यातल्या संग्रहालयाला आहे. याहून चांगला देखावा हवा असेल तर शेजारच्या तीन क्रूसांच्या टेकडीवर जावे. तिथून हा मनोरा, लाल कौलांचे जुने शहर आणि नेरिस नदीपलीकडच्या काचेच्या इमारती एकाच नजरेत येतात. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी शहरावरून गरम हवेचे मोठे फुगे जाताना दिसतात. त्यांत बसणे महाग आहे, पण पाहायला काही पडत नाही.

दुपार गेदिमिनास मार्गावरच्या परकीय ताबा आणि स्वातंत्र्यलढा संग्रहालयासाठी राखून ठेवावी. ही इमारत सोव्हिएत गुप्त पोलिसांची होती. बाहेरच्या भिंतीच्या दगडांवर इथे मारल्या गेलेल्या माणसांची नावे आणि त्यांची जन्म-मृत्यूची वर्षे कोरली आहेत, ती आत जाण्याआधी वाचावीत. तळघरात कोठड्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत. पाहायला दोन-अडीच तास लागतात आणि लहान मुलांना तिथे नेऊ नये. शहरातली बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो. जमल्यास तारखा त्या हिशेबाने धराव्यात.

या संग्रहालयात सोव्हिएत अत्याचारांची कहाणी सविस्तर आहे, पण व्हिल्निअसची दुसरी जखम तिथे पुरेशी दिसत नाही असे मला वाटते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या शहराला लिथुआनियाचे जेरुसलेम म्हणत, इतके मोठे ज्यू विद्वत्तेचे केंद्र इथे होते. १९४१ ते १९४४ या काळात शहराबाहेरच्या पानेरेय जंगलात नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी सुमारे एक लाख माणसे मारली, आणि त्यांतली सुमारे सत्तर हजार ज्यू होती. मुख्य स्थानकातून रेल्वेने तिथे थोड्या मिनिटांत पोहोचता येते आणि स्थानकावरून चालत जाता येते. पाइन झाडांमध्ये गोल खड्डे आहेत, त्यांवर गवत उगवले आहे, आणि बहुतेक वेळा तिथे दुसरे कोणी नसते. शक्य असेल तर चौथ्या दिवशी सकाळी जावे. एकाच दिवशी दोन्ही ठिकाणे पाहू नयेत, मन तेवढे पेलत नाही.

तिसरा दिवस : त्राकाय

त्राकाय शहरापासून अठ्ठावीस किलोमीटरवर आहे आणि रेल्वे स्थानकासमोरच्या बस स्थानकातून तिथे सतत बसगाड्या सुटतात. सहलीच्या कंपन्या यासाठी भरपूर पैसे घेतात, परंतु बसचे तिकीट काढून स्वतः जाणे इतके सोपे आहे की मार्गदर्शकाची गरज नाही. उतरल्यावर तळ्याच्या कडेने दोन-अडीच किलोमीटर चालावे. गाल्वे तळ्यातल्या बेटावर लाल विटांचा किल्ला आहे आणि लाकडी पुलावरून आत जाता येते. व्हितौतास या थोर राजाच्या कारकिर्दीत पंधराव्या शतकाच्या आरंभी हा किल्ला पूर्ण झाला आणि १४३० साली राजा इथेच वारला. आज दिसणारा बराच भाग विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे. पैसे मोजकेच असतील तर आतले तिकीट टाळून पलीकडच्या काठाने फेरी मारावी, कारण किल्ल्याचे खरे रूप पाण्यासकट दुरूनच दिसते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस व्हितौतासने क्रिमियातून काराइम या तुर्की वळणाची भाषा बोलणाऱ्या छोट्या समाजाच्या लोकांना आणून इथे वसवले. त्यांची लाकडी घरे आजही रस्त्याच्या कडेने उभी आहेत आणि प्रत्येक घराच्या रस्त्याकडच्या बाजूला तीन खिडक्या असतात : एक देवासाठी, एक व्हितौतास राजासाठी आणि एक पाहुण्यासाठी, असे सांगतात. त्यांचा किबिनाय हा पदार्थ इथे खायचाच. अर्धचंद्राच्या आकाराची ही करंजी भट्टीत भाजलेली असते आणि तिच्या काठाला दिवाळीच्या करंजीसारखीच मुरड घातलेली असते. मूळ सारण मटणाचे असले तरी चीज, पालक किंवा भाज्यांचेही मिळते. खिडकीतून गरमगरम दोन घेऊन काठावरच्या बाकावर बसले की दुपारचे जेवण होते.

परतीच्या आधी

अडचण आली तर सर्व आणीबाणीच्या सेवांसाठी ११२ हा क्रमांक आहे, आणि पूर्वी वॉर्सातून काम पाहणारा भारताचा दूतावास आता व्हिल्निअसमध्येही सुरू झाला आहे. त्याचा पत्ता आणि दूरध्वनी पासपोर्टच्या प्रतीसोबत कागदावर लिहून ठेवावा. रस्ता ओलांडताना पट्टे आणि दिवे कसोशीने पाळावेत. पट्ट्यांवर गाड्या खरोखर थांबतात, पण पट्टे सोडून ओलांडल्यास दंड होऊ शकतो. घरी न्यायला काळी भाकर चांगली, ती आठवडाभर टिकते. मधाची बरणी घेतली असेल तर ती हातातल्या पिशवीत ठेवू नये, विमानतळावरच्या तपासणीत मध द्रव पदार्थांत मोजतात. स्थानकावरून विमानतळाकडे जाणारी गाडी पकडण्याआधी अर्धा तास उरला, तर पुन्हा एकदा औश्रोस वर्तायपर्यंत चालत जावे आणि या वेळी वेशीच्या बाहेरच्या बाजूने, तटबंदीकडून ती पाहावी. त्या बाजूला ढाल घेऊन दौडणाऱ्या घोडेस्वाराची राजमुद्रा आहे, ती शहराच्या बाजूने पाहताना दिसत नाही.